डाव्या कानात यंत्र, उजव्या कानात आई

दादाच्या लॅपटॉपचा पडदा काळा असतो. बिघडलेला नाही, त्याने तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो. "बॅटरी वाचते, आणि बसमध्ये शेजारचा माणूस माझी पत्रं वाचत नाही," असं तो सांगतो. गौरी-गणपती जाऊन चार दिवस झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास कर्वेनगरातल्या त्याच्या घरी मी खुर्ची ओढून शेजारी बसले, तेव्हा त्याची बोटं आधीच कामाला लागली होती. स्पीकरमधून एक आवाज येत होता. पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे ओतावेत तसा. मला त्यातला एक शब्द कळेना.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याला जन्मापासून दिसत नाही. दिवसा बँकेत नोकरी करतो आणि दर रविवारी एका इंटरनेट रेडिओवर अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करतो. निवेदन त्याचं, ध्वनिमुद्रण त्याचं, संकलनही त्याचंच. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्याने मामीला अनारशांवर बोलतं केलं होतं. तेही तिच्याच स्वयंपाकघरात, ती अनारसे तळत असताना. दिवाळीआधी एकदा करून बघितल्याशिवाय मामीला चैन पडत नाही, ते त्याच्या पथ्यावर पडलं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, त्याची त्याला बारा मिनिटं करायची होती.

"घे, कानाला लाव," म्हणून त्याने हेडफोन माझ्याकडे दिला. डाव्या कानात तो शेंगदाण्यांचा आवाज, उजव्या कानात मामी. 'तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं,' असं मामी सावकाश सांगत होती आणि त्याच वेळी दुसऱ्या कानात यंत्र भराभर काहीतरी मोजत होतं. दोन मिनिटांत मी हेडफोन काढला. दादा असा रोज तीन-तीन तास बसतो.

हे जे डाव्या कानात बोलत होतं त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, आणि त्याचं नाव एनव्हीडीए. आवाजाची ही कानांमध्ये वाटणी करायची सोय त्यात 2024 साली आली. त्याआधी यंत्राचा आवाज आणि ज्यावर काम चाललंय तो आवाज एकमेकांवर चढायचे. डोळस माणसाने अशी कल्पना करावी, की वाचायचं पुस्तक आणि ते कसं वाचायचं याच्या सूचना एकाच पानावर एकावर एक छापल्या आहेत. आंधळ्या माणसाला आवाजाचं काम सोपं जात असणार, असं आपण सहज धरून चालतो. त्याच्यासाठी हे काम दुहेरी आहे, कारण त्याचं साधनही आवाज आणि त्याचा मालही आवाजच.

पण दादाची गोष्ट संगणकापासून सुरू होत नाही. ती कऱ्हाडच्या घरातल्या मर्फी रेडिओपासून सुरू होते.

आजोबांचा तो रेडिओ माजघरातल्या फळीवर असायचा. उजवीकडचं मोठं बटण फिरवलं की काचेमागे दोऱ्याला बांधलेला काटा सरकायचा. काटा आम्हाला दिसायचा, दादाला नाही. पण त्याला त्याची गरजच नव्हती. बटणाच्या कडेला एक बारीक खाच होती. ती खाच अंगठ्याखाली कुठे आली म्हणजे पुणे, तिथून किती पुढे गेलं म्हणजे मुंबई, हे त्याच्या मनगटाला पाठ होतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या मराठी बातम्या घरात कुणी हललं नसेल तरी तो लावून ठेवायचा. बुधवारी रात्री शॉर्टवेव्हवर सिलोन पकडायचं कामही त्याच्याकडेच. स्टेशन शोधताना कधी कधी जी शीळ येते, ती उंच होत गेली तर आपण लांब चाललोय आणि खाली उतरत उतरत विरली तर जवळ आलोय, हे त्यानेच मला आठव्या वर्षी शिकवलं. रेडिओ हे त्या घरातलं असं एकच यंत्र होतं, की ज्यासाठी त्याला कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. ब्रिटनमध्ये 1926 साली कायदा करून अंध व्यक्तींना रेडिओच्या परवान्याचं शुल्क माफ केलं. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले इयन फ्रेझर यांनी पुढाकार घेतला आणि गरीब अंधांना रेडिओ संच देणारा एक निधी उभा राहिला. 1929 च्या नाताळच्या दिवशी त्या निधीसाठी बीबीसीवरून आवाहन केलं विन्स्टन चर्चिल यांनी. तो निधी आजही संच देतो. या संचांची बटणं मोठी असतात आणि हाताला वेगवेगळी लागतात.

मग रेडिओतली खाच गेली. डिजिटल रेडिओत स्टेशनाला जागा नसते, नाव असतं. यादीतून ते निवडायचं असतं आणि यादी छोट्या पडद्यावर दिसते. मनगटाला पाठ होण्यासारखं तिथे काहीच उरत नाही. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रक्षेपण बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. तिथल्या आंधळ्या श्रोत्याला एका वर्षात हातातलं यंत्र बदलावं लागलं. आपल्याकडे आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी डीआरएम नावाची डिजिटल पद्धत निवडली आणि देशभर प्रक्षेपकही बसवले. आवाज खरोखर सुंदर येतो, खरखर नाही, शीळ नाही. पण घराघरात तसे संच पोचलेले नाहीत, आणि पोचतील तेव्हा त्यांची यादी बोलून दाखवली जाईल का, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. संच तयार होऊन बाजारात आल्यावर विचारून काही उपयोग नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 42 वं कलम तर सांगतं, की रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा घडणीत उपलब्ध व्हावीत म्हणून सरकारने पावलं उचलायची आहेत. रेडिओइतकं रोजच्या वापरातलं दुसरं काय आहे?

दादाच्या हातून रेडिओ सुटला तो असाच. घरात टचस्क्रीनची म्युझिक सिस्टिम आली, गुळगुळीत काच. पंचवीस वर्षं बिनबोभाट स्टेशन लावणारा माणूस पुतण्याला म्हणू लागला, "अरे, जरा पुणे लावून दे ना." ते वाक्य मी ऐकलंय. आज लिहितानाही ते माझ्या कानात आहे.

त्याला रेडिओ परत मिळाला तो संगणकावर, आणि त्याची कथा मला फार महत्त्वाची वाटते.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण तो माझाही होता. स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघून वाचत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या खिडक्या, बटणं, याद्या यांची माहिती संगणकाच्या मूळ प्रणालीला देत असतो: हे बटण आहे, याचं नाव 'रेकॉर्ड' आहे, ते आत्ता दाबलेलं आहे. स्क्रीन रीडर ती माहिती विचारून घेतो आणि बोलतो. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणाला नाव दिलं असेल तर ते ऐकू येणार. नुसतं लाल गोलाचं चित्र चिकटवलं असेल तर स्क्रीन रीडर म्हणणार, 'बटण'. पुढे गेलं की पुन्हा 'बटण'. पुन्हा 'बटण'. दादा म्हणतो, "स्वारगेटला सगळ्या गाड्या लागल्यात, पण पाटी एकीलाही नाही. आता बस कुठल्यात बसायचं ते!" नाव द्यायला कष्ट किती? बहुतेक वेळा एक ओळ. ती एक ओळ लिहिली न लिहिली, यावर माणूस स्वतः रेडिओ लावणार की पुतण्याला हाक मारणार हे ठरतं.

स्क्रीन रीडर ऐंशीच्या दशकापासून होते. त्यातला सर्वांत नावाजलेला जॉज. तो घडवला टेड हेंटर यांनी. मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारा हा अमेरिकन तरुण, 1978 मध्ये मोटारीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. जॉज 1989 मध्ये आला तो डॉससाठी, आणि त्याने असंख्य आंधळ्या माणसांना नोकऱ्या मिळवून दिल्या. पण किंमत हजार डॉलरच्या आसपास. कऱ्हाडच्या मुलाने ते पैसे आणायचे कुठून? एका संस्थेतल्या एकाच संगणकावर जॉज असायचा आणि त्याच्यापुढे रांग असायची. अर्धा तास झाला की उठ.

2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन नावाच्या आंधळ्या तरुणाने विचार केला, की डोळस माणसाला संगणकाचा पडदा फुकट मिळतो, मग आम्ही त्याच्यासाठी संगणकापेक्षा जास्त पैसे का मोजायचे? त्याने स्वतः स्क्रीन रीडर लिहायला घेतला. थोड्याच दिवसांत जेम्स टे त्याला येऊन मिळाला, तोही आंधळाच. दोघांची ओळख लहानपणची, आंधळ्या मुलांच्या संगीत शिबिरातली. त्यांचा एनव्हीडीए फुकट आहे, आणि त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता येतो. जगभरची माणसं आपापल्या भाषेची भर त्यात घालतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत आंधळ्या माणसासाठी झालेलं सर्वांत मोठं काम हे आहे. ते कुठल्या बलाढ्य कंपनीने केलं नाही. ज्यांना गरज होती त्यांनीच ते केलं.

दादाच्या घरच्या संगणकावर एनव्हीडीए आला, तेव्हा त्याने पहिल्यांदा उघडलं ते गाणी ऐकायचं विनॅम्प. विनॅम्प 1997 चं, जस्टिन फ्रँकेल या पोरसवदा अमेरिकन मुलाच्या हातचं. दिसायला ते आपल्या टेप-डेकसारखं. पण त्याचा जीव होता कळफलकाच्या खालच्या ओळीत: झेड म्हणजे मागचं गाणं, एक्स म्हणजे सुरू, सी म्हणजे थोडं थांब, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचं. पाच बोटं, पाच कळा, एका ओळीत. फ्रँकेलने ते आंधळ्यांसाठी केलं नव्हतं. तरी जगभरच्या आंधळ्यांनी ते असं धरलं, की बाकीचं जग विसरून गेल्यावरही कितीतरी वर्षं सोडलं नाही. दादाच्या बोटांना मर्फीची खाच पुन्हा सापडली होती. आता तो टॅपिनरेडिओ वापरतो. त्यात स्टेशनांची यादी बाणांनी खालीवर करता येते, नाव टाइप करून शोधता येतं आणि चालू कार्यक्रम टिपूनही ठेवता येतो. आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवर आल्यापासून त्याला लहरींची मर्यादा राहिली नाही. पहाटे पणजी, दुपारी सांगली, रात्री रत्नागिरी. न्यू जर्सीतली माझी आत्तेबहीणही आता पुणे केंद्र ऐकते, आणि दोघं एकमेकांना फोन करून सांगतात की आज कुणाचं गाणं लागलं.

ऐकणं परत मिळालं. पण दादाला ऐकवायचं होतं.

इथे मला माझी थोडी गोष्ट सांगायला हवी. कॉलेजात असल्यापासून मी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. पहिली काही पुस्तकं कॅसेटवर केली. एक शब्द चुकला की टेप मागे घ्यायची, वाक्याच्या सुरुवातीला आणायची आणि दम धरून पुन्हा वाचायचं. पुढे संगणकावर ऑडॅसिटी आलं. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम 2000 सालचा, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कामातून निघालेला. त्यात आवाज लाटेसारखा पडद्यावर दिसतो. मी माऊसने लाट धरायची, नको तो भाग निवडायचा आणि खोडायचा. मला वाटायचं, संकलन हे बघण्याचं काम आहे. एकदा एका कथासंग्रहाचं रेकॉर्डिंग मी दादाला अभिमानाने ऐकवलं. वाक्यांच्या मधले सगळे श्वास मी वेचून काढले होते. लाटेत ते बारीक उंचवट्यासारखे दिसतात, सहज सापडतात. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, ही बाई मरेल की! श्वासच घेत नाहीये ती."

श्वास कुठे राहू द्यायचा, कुठे अर्धा करायचा, कुठे पूर्ण काढायचा हे मला दादाने शिकवलं. प्रश्नानंतरचा श्वास ठेवायचा. स्वल्पविरामानंतरचा निम्मा करायचा. वाक्य तोडायचं ते स्वरावर कधीच नाही. प, त, क अशा व्यंजनाच्या आधी जी क्षणभर शांतता असते, तिथे तोडायचं, सांधा ऐकू येत नाही. त्याने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

तो स्वतः ज्याच्यावर काम करतो त्याचं नाव रीपर. आणि रीपर कुणाचं? त्याच जस्टिन फ्रँकेलचं. विनॅम्पची कंपनी विकून, पुढे नोकरीही सोडून त्याने 2006 च्या सुमारास हा ध्वनिसंकलनाचा प्रोग्रॅम आणला. व्यावसायिक स्टुडिओत चालणारा, पण घरगुती परवाना साठ डॉलरचा. अडचण एकच होती. रीपर आपला पडदा स्वतःच रंगवतो, त्यामुळे स्क्रीन रीडरने विचारलं तर त्याच्याकडे सांगायला फारसं काही नसतं. मात्र फ्रँकेलने एक दार उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या माणसाला रीपरमध्ये आपली भर घालता येते. त्या दारातून आत गेला तो जेम्स टे. एनव्हीडीएचा तोच जेम्स टे, संगीत शिबिरातला मुलगा. त्याने ओसारा नावाची जोड लिहिली, आणि मग इतरही अनेक आंधळ्या संगीतकारांनी, तंत्रज्ञांनी तिच्यात भर घातली. नाव ऐकून मराठी कानाला ओसरी आठवते. इंग्रजीत ती नुसती आद्याक्षरं आहेत, पण मला तो योगायोग आवडतो. बाहेरच्याला घरात पहिली जागा ओसरीवरच मिळते.

ओसारा रीपरच्या आतलं सगळं विचारून घेते आणि स्क्रीन रीडरच्या तोंडून वदवते: कितवा ट्रॅक, कितवा तुकडा, खूण कुठल्या सेकंदावर आहे, आवाजाची पातळी किती वर गेली. त्या रात्री मी दादाला म्हटलं, "हळू कर, मला बघू दे." त्याने माझ्यासाठी पडदा उजळला, यंत्राचा वेगही कमी केला.

मामी सांगत होती, 'पीठ गुळात मळून ठेवायचं,' आणि मागे कुकरने शिट्टी दिली. दादाने स्पेसबार दाबून थांबवलं. मग डावीकडचा बाण. रीपरमध्ये बाण दाबला की खूण पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी सरकते. आता एक ठिपका म्हणजे किती वेळ? ते लाटेचं चित्र किती मोठं करून ठेवलंय, त्यावर अवलंबून. म्हणून ज्याने जन्मात चित्र पाहिलेलं नाही असा हा माणूस अधिकची कळ दाबून चित्र मोठं करत होता, म्हणजे त्याचं पाऊल बारीक होत होतं. आणि उण्याची कळ दाबून लहान करत होता, म्हणजे पाऊल लांब पडत होतं. डोळ्यांसाठी केलेली सोय त्याने चालीसाठी वापरायला घेतली होती. चार पावलं मागे, स्पेस, ऐकलं, थांबवलं, एक पाऊल पुढे. एस दाबला, तुकडा तुटला. शिट्टी संपते तिथे पुन्हा एस. मधला तुकडा डिलीट. डाव्या कानात यंत्राने काय खोडलं ते सांगितलं. पुन्हा स्पेस: 'पीठ गुळात मळून ठेवायचं, आणि मग पाच-सहा दिवस त्याला हात लावायचा नाही.' शिट्टी नव्हती. मी पडद्यावर डोळे लावून बसले होते, तरी सांधा कुठे आहे हे मला सांगता आलं नसतं.

आवाजाबद्दल आणखी एक सांगण्यासारखं आहे. मी विचारलं, "हा पत्र्यासारखा आवाज का ठेवतोस? हल्ली माणसासारखे गोड आवाज मिळतात की." तो म्हणाला, "गोड आवाजाचा वेग वाढव, फाटतो. हा फाटत नाही." तो आवाज ईस्पीकचा. जोनाथन डडिंग्टन या इंग्रज माणसाने 1995 मध्ये त्याची सुरुवात केली. यात कुणा माणसाने बोललेले शब्द मुद्रित केलेले नाहीत, तो बहुतेक गणिताने तयार होतो. म्हणून तो अगदी थोड्या जागेत मावतो, शंभरावर भाषा बोलतो आणि तिप्पट वेगातही त्याची व्यंजनं स्पष्ट राहतात. त्यात मराठीही आहे. पण मराठीची आपली दुखणी आहेत. 'चार' माणसं आणि गुरांचा 'चारा' यांतला च निराळा, लिहिताना मात्र एकच. हे 'जग' आणि तू 'जग', यांतला ज तसाच. यंत्राने ओळखायचं कसं? त्यातून देवनागरी दिसली की अनेक यंत्रं हिंदी धरून चालतात आणि मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचतात. दादा म्हणतो, "हिंदी बाई माझ्या आईची पत्रं वाचते. कळतं सगळं, पण आई राहत नाही त्यात."

याहून मोठं दुखणं आपल्या छापखान्यांतलं आहे, आणि दिवाळी अंकात लिहिताना ते सांगितलंच पाहिजे. कितीतरी मराठी मजकूर अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवला जातो. पडद्यावर 'म' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. अशा मजकुराची पीडीएफ दादाने उघडली की यंत्र नुसती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं बडबडत सुटतं. डोळसाला सुंदर दिसणारं पान त्याच्यासाठी भंगार असतं. मराठीत दरवर्षी इतके दिवाळी अंक निघतात, आणि त्यांतले किती तो स्वतः वाचू शकतो असं विचारलं तर तो बोटं मोजतो, एका हाताची. हे दुरुस्त करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये जुळवायचा, एवढंच.

रविवारी प्रसारण असतं तेव्हा दादाच्या टेबलावर दोन साउंड कार्ड असतात. एकातून कार्यक्रम बाहेर जातो, दुसऱ्यातून स्क्रीन रीडर फक्त त्याच्या कानात बोलतो. वाटणी चुकली तर मामीच्या अनारशांच्या मध्येच श्रोत्यांना यंत्राची बडबड ऐकू जाईल. सुरुवातीला एक-दोनदा गेलीही होती. प्रसारणाला तो स्टेशनप्लेलिस्ट नावाचा न्यूझीलंडचा प्रोग्रॅम वापरतो. त्याला एनव्हीडीएची जोड आहे, तीही जोसेफ ली या आंधळ्या माणसाने जीव ओतून वाढवलेली. गाणं संपत आलं की ती इशारा देते. गाण्याच्या सुरुवातीचं नुसतं वाजणं सरून गायकाचा आवाज येणार असला, की त्याचाही इशारा. मायक्रोफोन बराच वेळ उघडा राहिला तरी सांगते. डोळस निवेदकासमोर स्टुडिओत लाल दिवा असतो, दादाचा लाल दिवा कानात वाजतो.

हे एकट्या दादाचं वेड नाही. अमेरिकेतल्या अंधांच्या एका मोठ्या संघटनेने 1999 मध्येच इंटरनेट रेडिओ सुरू केला होता, एसीबी रेडिओ. तो उभा केला न्यूझीलंडच्या जोनाथन मोसेन यांनी, तेही जन्मांध. आपल्याकडे 2014 मध्ये रेडिओ उडान सुरू झाला. दृष्टिहीन मंडळींनीच चालवलेला हा इंटरनेट रेडिओ आहे. त्याचे निवेदक देशाच्या निरनिराळ्या गावांतून, आपापल्या घरातून बोलतात. त्याला इमारत नाही. दादाने त्याचे कार्यक्रम ऐकले आणि त्याच आठवड्यात मायक्रोफोन विकत घेतला. 2022 मध्ये नागपुरात रेडिओ अक्ष सुरू झाला. त्याच्यामागे बऱ्याच वर्षांपासून काम करणारी तिथली ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि समदृष्टी ही संस्था. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी शिक्षणाचा मजकूर त्यावरून जातो, आणि वाचन, ध्वनिमुद्रण, संकलन बहुतेक स्वयंसेवक स्त्रिया शिकून करतात. मी स्वतः वाचक असल्याने त्या बायांबद्दल मला आपुलकी वाटते. पण दादाचा आग्रह निराळा आहे. "तुम्ही आमच्यासाठी वाचता, वाचत राहा. पण कापायची कात्री आमच्याकडे पण द्या," तो म्हणतो. मला त्याचं पटतं.

कात्री हातातून काढून कशी घेतली जाते, तेही मी पाहिलं. रेडिओ ऐकायचं एक मोबाईल ॲप दादा चार वर्षं वापरत होता. एके सकाळी ते आपोआप नवं झालं. दिसायला देखणं, मी बघितलं होतं. आणि प्रत्येक बटणाची पाटी गेली होती. बटण, बटण, बटण. त्याने पत्र लिहिलं. आभाराचं ठरीव उत्तर आलं. दुसरं लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या पत्रात त्याने कुठल्या बटणाला काय नाव द्यायचं याची यादीच करून पाठवली, अठरा नावं. सहा महिने वाट पाहिली. मग ते ॲप काढून टाकलं. त्या अठरा नावांची यादी त्याच्या संगणकावर अजून आहे. मला याचा राग येतो, आणि तो झाकावा असं मला वाटत नाही. कारण हे आता उपकाराच्या खात्यातलं राहिलेलं नाही. भारतीय मानक संस्थेचं आयएस 17802 हे सुगम्यतेचं मानक 2021 पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

साडेअकरा वाजत आले तेव्हा मामीच्या रेकॉर्डिंगची तेरा मिनिटं उरली होती. अजून एक कमी करायचं होतं. पडदा माझ्यासाठी उजळलेलाच होता आणि शेवटाकडे लाट मला जवळजवळ सपाट दिसत होती. त्याआधी मामी म्हणते, 'खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप सोडत राहायचं. बघ, बघ कशी जाळी पडली.' आणि गप्प होते.

"दादा, इथे काहीच नाहीये. चौदा सेकंद रिकामे आहेत. हे काढ," मी म्हटलं.

त्याने दोन्ही बाजूंनी एस दाबून ते काढलं. एकदा चालवून पाहिलं. मग कंट्रोल-झेड दाबून परत आणलं, आणि हेडफोनची उजवी वाटी माझ्या कानाला लावली. तूप आधी जोरात चुरचुरत होतं, मग त्यातून बारीक बारीक फुटण्याचा आवाज सुरू झाला, वेगवेगळा, मोजता येईल असा, आणि हळूहळू विरळ होत गेला. झारा कढईच्या कडेला एकदा हलकेच लागला.

"जाळी," दादा म्हणाला, आणि एक मिनिट दुसरीकडून काढायला मागे वळला.